भिंत ओलांडणारी वायर : गाडीत जादा मीटर बसवताना

जुन्या जीपमध्ये किंवा जिप्सीमध्ये ऑइल प्रेशरचा मीटर बसवायचं ठरलं की सगळी चर्चा मीटरभोवतीच फिरते. डायल काळी की पांढरी, डॅशबोर्डवर कुठे, रात्रीचा दिवा कोणत्या रंगाचा. सेन्सरपासून मीटरपर्यंतची दोन-तीन मीटर वायर मात्र शेवटी, अंधार पडता पडता, वाट दिसेल तिथून ओढली जाते. पुढे बिघाड निघतो तो बहुतेक याच वायरीत, आणि त्यातही ती पत्र्यातून आरपार जाते त्या दोन इंचांत.

तो पत्रा म्हणजे फायरवॉल. इंजिन आणि केबिन यांच्यामधली ही भिंत उष्णता, धूर, पाणी आणि आवाज अडवते, आणि बॉनेटखाली आग लागली तर बाहेर पडायला थोडा वेळ मिळवून देते. तिला पाडलेलं प्रत्येक भोक या सगळ्या कामांत भोक पाडतं. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उघड्या भोकातून तो आत येऊ लागला तर नाकाला काही कळणार नाही. डोकं दुखायला लागेल आणि दोष उन्हाला दिला जाईल. म्हणून या कामाचा नियम एकच धरा : वायर पलीकडे गेली, तरी भिंत भिंतच राहिली पाहिजे.

भिंत ओलांडायची गरज आहे का?

ड्रिल हातात घेण्याआधी कोणता मीटर बसवायचा आहे ते पाहा. व्होल्टमीटरला फायरवॉल ओलांडावी लागत नाही. इग्निशन सुरू केल्यावर जिवंत होणारी लाइन केबिनमधल्या फ्यूज बॉक्सवर असतेच. तिथून एक वायर आणि जवळच्या बॉडीवरून अर्थ घेतला की काम झालं. इंजिन बंद असताना चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसते आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. घरच्या वापराला एवढी माहिती पुरते.

कूलंटच्या तापमानाचं म्हणाल तर नव्या गाड्यांत ते गाडीच्या संगणकाला आधीच माहीत असतं. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या गाड्यांत डॅशबोर्डखाली ओबीडीचं सॉकेट असतं. त्यात खोचायचा छोटा डिस्प्ले तापमान आणि बॅटरीचं व्होल्टेज, दोन्ही आकड्यांत दाखवतो. भोक नाही, वायर कापणं नाही, वॉरंटीवरून वाद नाही. कंपनीने तापमानाचा काटा काढून फक्त निळा-लाल दिवा दिलेल्या गाडीत घाट चढताना हा आकडा फार उपयोगी पडतो.

ऑइल प्रेशरचं तसं नाही. बहुतेक गाड्यांत त्याचा फक्त दिवा असतो आणि तो पेटवणारा स्विच दाब अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याखाली घसरल्यावरच जागा होतो. तोवर बेअरिंगांचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं. जुन्या इंजिनाची तब्येत जाणायची असेल तर हा मीटर हवाच, आणि त्याची वायर इंजिनाकडून केबिनमध्ये आणावीच लागते. या लेखातली बरीचशी खटपट त्यासाठी आहे.

दोन गोष्टी मात्र भिंतीपलीकडे आणूच नयेत. एक, गरम ऑइलची नळी. मेकॅनिकल मीटरला बारीक नळीतून प्रत्यक्ष ऑइल डॅशबोर्डपर्यंत येतं. नळी फुटली तर ते दाबाखाली तुमच्या पायावर आणि पेडलवर उडतं. इलेक्ट्रिकल मीटर घ्या, म्हणजे आत येईल ती फक्त वायर. दुसरी गोष्ट अँपियर मीटर. जुन्या जीपच्या डॅशबोर्डवर तो हमखास दिसे. त्याच्या जोडणीत बॅटरीकडे जाणारा-येणारा जवळजवळ सगळा करंट दोन जाड वायरींनी फायरवॉलमधून आत येतो आणि परत बाहेर जातो. त्यातली एक वायर पत्र्याला घासून सोलली की बॅटरीची सगळी ताकद त्या एका बिंदूवर उतरते. जीपचं वायरिंग नव्याने करत असाल तर अँपियर मीटर काढून व्होल्टमीटर लावणं शहाणपणाचं.

पलीकडे नेमकं काय जायला हवं

साध्या इलेक्ट्रिकल मीटरला तीन जोडण्या असतात : इग्निशनची लाइन, अर्थ आणि सेन्सरची वायर. दिव्याची चौथी. यातल्या लाइन, अर्थ आणि दिवा या तिन्ही केबिनमध्येच मिळतात. फायरवॉल ओलांडायची असते फक्त सेन्सरच्या वायरीने. तरीही अनेक ठिकाणी बॅटरीच्या प्लसवरून वेगळी लाइन ओढून आत आणलेली दिसते, कारण बॅटरी समोर दिसते आणि फ्यूज बॉक्स शोधायला वाकावं लागतं. हा आळस महागात पडतो. सेन्सरची वायर चुकून पत्र्याला टेकली तर मीटरच्या आतली कॉइल करंट रोखते. काटा एका टोकाला जाऊन बसतो, एवढंच. बॅटरीची थेट वायर टेकली तर काय होतं, त्याचा हिशेब पुढे आहे.

काही नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरांच्या सेन्सरला तीन वायरी असतात आणि त्या प्लगसकट तयार येतात. प्लग जाड, वाट बारीक. अशा वेळी प्लग जाईल एवढं भोक मोठं करू नका. प्लगचा आधी मोबाइलवर फोटो काढा, बारीक चपट्या हत्याराने आतली कुलपं दाबून पिना सोडवा, वायरी पलीकडे न्या आणि फोटो पाहून पिना त्याच घरांत परत बसवा.

सेन्सर आणि मीटर एकाच जोडीचे असावेत. युरोपीय पद्धतीचे प्रेशर सेन्सर १० ते १८० ओहमचे असतात, तर अमेरिकी पद्धतीचे २४० ते ३३ ओहमचे, म्हणजे उलट्या दिशेने चालणारे. एकाचा सेन्सर आणि दुसऱ्याचा मीटर जोडला तर काटा हलेल, पण खोटं बोलेल. आट्यांचंही तसंच. १/८ एनपीटीला इंचाला २७ आटे, जपानी घराण्याच्या इंजिनांत सर्रास आढळणाऱ्या १/८ बीएसपीटीला २८. सुरुवातीचे एक-दोन फेरे दोन्ही एकमेकांत जातात. पुढे जोर लावला की ब्लॉकमधले आटे जातात. आणि एका वायरीच्या सेन्सरला अर्थ त्याच्या आट्यांतूनच मिळतो, त्यामुळे त्यावर टेफ्लॉन टेपचे वेढेच्या वेढे देऊ नका.

वाट शोधणं

नवं भोक हा शेवटचा उपाय. कारखान्यातून आलेल्या फायरवॉलला बऱ्याच वाटा आधीच असतात. त्या शोधायची सोपी रीत अशी : संध्याकाळी किंवा बंद गॅरेजात एकाने डॅशबोर्डखाली टॉर्च धरून हळूहळू फिरवावी आणि दुसऱ्याने बॉनेटमधून पाहावं. जिथून उजेड दिसेल तिथे एक तर वाट आहे, किंवा आधी कुणीतरी ठेवलेलं उघडं भोक आहे. ते बुजवायलाही हीच वेळ.

सगळ्यात चांगली वाट म्हणजे रबरी टोपी लावलेलं रिकामं भोक. एकच मॉडेल उजव्या आणि डाव्या, दोन्ही बाजूंच्या स्टिअरिंगसाठी बनत असेल तर आपल्याकडच्या गाडीत डाव्या बाजूची काही भोकं नुसती टोपी लावून बंद केलेली असतात. टोपी काढायची, त्याच मापाचं मधे छिद्र असलेलं रबर ग्रोमेट बसवायचं, झालं. दुसरी वाट मुख्य हार्नेसच्या मोठ्या ग्रोमेटची. त्याला पुष्कळदा बंद टोकाची रबरी बोंडं असतात. टोक कापलं की एका वायरीपुरती नळी तयार. तिसरी, बॉनेट उघडायच्या केबलचं ग्रोमेट. गाडीला नंतर सीएनजी किट बसवलं असेल तर त्याच्या स्विचची वायर कुठून आत आली आहे तेही पाहा. ते काम नीट झालं असेल तर तुमची वायर त्याच वाटेने जाईल. नीट झालं नसेल तर दोन्ही एकदम नीट करता येतील.

काही वाटा सोप्या दिसतात पण टाळायच्या. स्टिअरिंगचा दांडा जिथून जातो तिथल्या रबरी बुटातून वायर नेली तर फिरत्या दांड्यात ती गुंतू शकते. एसीच्या पाण्याच्या नळीतून नेली तर पाणी केबिनमध्ये तुंबतं. वायपरखालच्या खोलगट जागेतून नेली तर पावसाळाभर तिथलं पाणी वायरीवरून आत उतरत राहतं. दाराच्या फटीतून आणलेली वायर तर दरवेळी दार लावताना चिरडली जाते.

ग्रोमेटमधून ओढताना

आधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा. एअरबॅगची गाडी असेल तर त्यानंतर काही मिनिटं थांबा, आणि पिवळ्या स्लीव्हच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना हात लावू नका; तो रंग एअरबॅगसाठी वापरतात.

हार्नेसच्या ग्रोमेटमध्ये स्क्रूड्रायव्हर किंवा पोकर खुपसणं हा या कामातला सगळ्यात वाईट प्रकार. आत पन्नास वायरी एकमेकींना चिकटून असतात. एकीचं आवरण फाटलं तर दोष सहा महिन्यांनी, पहिल्या पावसात, भलत्याच ठिकाणी दिसतो. टोक बोथट हवं. विणकामाची प्लॅस्टिकची सुई यासाठी उत्तम : गुळगुळीत, ताठ आणि वीज न वाहणारी. नाही तर जाड तारेचं टोक वळवून, टेपने गोल करून घ्या. रबराच्या कडेने, हार्नेसपासून दूर राहून ती पलीकडे काढा, मागच्या टोकाला वायर टेपने निमुळती बांधा आणि बॉनेटच्या बाजूने हळूच ओढा. वायर अडली तर भांडी घासायच्या साबणाचं पाणी लावा. ग्रीस, ऑइल किंवा पेट्रोल लावू नका. त्याने रबर फुगतं आणि सैल पडतं. ग्रोमेटच्या आत वायरीचा जोड कधीही ठेवू नका. तिथून जाईल ती सलग वायरच.

भोक पाडावंच लागलं तर

जुन्या जीपची फायरवॉल सपाट आणि मोकळी असते, तिथे हे काम सोपं. बंद गाडीत मात्र पत्र्याच्या मागे काय आहे ते दोन्हीकडून हाताने चाचपल्याशिवाय ड्रिल लावू नका. हीटरची कोर, एसीचा इव्हॅपोरेटर, ब्रेकच्या नळ्या, बूस्टर, वायपरची मोटर, संगणकाची पेटी यांतलं काहीही मागे असू शकतं. फायरवॉलवरून इंधनाची नळी जात असेल तर ठिणगीचा विचार करा. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी ती गळती काढा, भोक नंतर.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहा : ती शक्यतो उंचावर असावी, पत्रा उभा असावा आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून ती लांब असावी. केबिनच्या बाजूला पत्र्यावर आवाज अडवणारा जाड नमदा असतो. ड्रिलचा बिट त्यात शिरला की तंतू गुंडाळून बिट अडकतो, म्हणून तेवढा चौकोन ब्लेडने आधी कापून काढा. पंचने खूण करा, ३ मिमीच्या बिटने पहिलं भोक पाडा, पलीकडे जाऊन ते योग्य ठिकाणी निघालंय का पाहा आणि मगच पायरीच्या बिटने मोठं करा. बिटला टेपची खूण किंवा कॉलर लावा, म्हणजे पत्रा फुटताच हात पुढे धसणार नाही. बिटावर थोडं ग्रीस लावलं तर कीस त्याला चिकटतो; उरलेला लोहचुंबकाने उचला. फ्यूज बॉक्समध्ये पडलेला एक कण पुढे बराच त्रास देऊ शकतो.

भोकाचं माप ग्रोमेटवर ठरतं, वायरीवर नाही. ग्रोमेट आधी विकत घ्या, त्याच्या खाचेचा व्यास मोजा आणि तेवढंच भोक पाडा. खाचेची रुंदीही पत्र्याच्या जाडीला जुळायला हवी, नाही तर ग्रोमेट घाटातल्या हादऱ्यांनी निसटतं. कडा गोल कानशीने साफ करा, बोट फिरवून खात्री करा, मग उघड्या पत्र्याला प्रायमर आणि रंग द्या. कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर हा रंग टाळू नका. खाऱ्या हवेत कापलेली कड पहिल्याच पावसाळ्यात गंजायला लागते आणि गंजलेली कड ग्रोमेट कापते. शेवटी सीलंट. घट्ट दगड होणारी एपॉक्सी लांबी नको, कारण पुढे एखादी वायर बदलायची झाली तर छिन्नी लागेल. सिलिकॉन वापरायचं तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका. सुकताना त्यातून निघणारं आम्ल तांब्याला आणि पत्र्याला खातं.

वायर, फ्यूज आणि अर्थ

सेन्सरच्या वायरीतून करंट अगदी कमी जातो. ०.५ चौरस मिमीची वायर विजेच्या दृष्टीने पुरते. ओढताणीचा विचार करून ०.७५ किंवा १ घ्या. घरातल्या वायरिंगची वायर मात्र नको. तिचं साधं पीव्हीसी ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या कामासाठी असतं, आणि बॉनेटखाली मे महिन्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. गाडीसाठीची, अनेक बारीक तारांची, १०० अंशांच्या आसपास टिकणारी वायर मागा. बॉनेटखाली तिच्यावर नालीदार प्लॅस्टिकचा पाइप चढवा.

इंजिन आपल्या माउंटिंगवर हलतं, बॉडी हलत नाही. म्हणून सेन्सरपाशी वायरीला थोडा ढिलावा द्या आणि पहिला टाय बॉडीवर मारा. ब्रेकच्या किंवा इंधनाच्या नळीला, अॅक्सिलरेटरच्या केबलला वायर बांधू नका. फायरवॉलमध्ये शिरण्याआधी वायर भोकाच्या खाली उतरवून मग वर न्या. वायरीवरून ओघळणारं पाणी त्या सर्वांत खालच्या वळणावर गळून पडेल, ग्रोमेटपर्यंत चढणार नाही. आतल्या बाजूला वायर पेडलच्या वर, डॅशबोर्डच्या पट्टीला बांधा. लोंबणारी वायर क्लचच्या पायात अडकली तर घाटात काय होईल ते सांगायला नको.

आता तो हिशेब. ०.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०३४ ओहम असतो. तीन मीटरला साधारण ०.१ ओहम. अशी वायर बॅटरीच्या प्लसवरून निघून पत्र्याला टेकली तर १२ व्होल्टला करंट शंभर अँपियरच्या पुढे जाऊ शकतो. ज्या वायरीतून एरवी अर्धा अँपियरही जात नाही, ती काही क्षणांत लाल होते आणि शेजारच्या वायरींचं आवरणही जाळते. म्हणून मीटरच्या लाइनला फ्यूज हवाच, आणि तो उगमापाशी. फ्यूज मीटरला नाही, वायरीला वाचवतो. मीटरच्या पाठीमागे बसवला तर आधीची सगळी वायर उघडीच राहते. ३ अँपियरचा, म्हणजे जांभळा, ब्लेड फ्यूज पुरेसा आहे. फ्यूज बॉक्समधल्या चालू फ्यूजच्या पायात तार खोचण्याऐवजी तिथे बसणारा फ्यूज टॅप वापरा.

जोड क्रिम्प करा आणि वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड बॉनेटखालच्या उष्णतेत टिकत नाही. टेपचा डिंक पाघळतो आणि टेप उलगडते. मीटरचा अर्थ रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर, दातेरी वॉशर घालून द्या. हेडलाइट लावल्यावर तापमानाचा काटा सरकत असेल तर इंजिन तापलेलं नाही, अर्थ कच्चा आहे. इंजिनापासून बॉडीकडे येणारी अर्थची पट्टीही पाहा. एका वायरीच्या सेन्सरचा करंट तिथूनच परत येतो.

काम संपल्यावर

डॅशबोर्ड बंद करण्याआधी चार चाचण्या घ्या. इंजिन चालू करून ग्रोमेटजवळची वायर दोन्हीकडून हलवा. काटा हलता कामा नये. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा आणि तिन्ही पेडल पूर्ण दाबा. वायर कुठे ताणली जाते का पाहा. सेन्सरच्या आट्यांपाशी कोरडं फडकं फिरवून ऑइल झिरपतंय का तपासा. शेवटी फायरवॉलच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्राचा कागद चिकटवून बाहेरून पाच मिनिटं पाइपने पाणी सोडा. पाण्याची धार विजेच्या पेटीवर किंवा इंजिनाच्या हवेच्या फिल्टरवर मारू नका. कागद ओला झाला तर ग्रोमेट पुन्हा बसवा. हीच पाहणी महिन्याभराने, आणि मग दर पावसाळ्याआधी करा.

काम वायरमनकडून करून घेणार असाल तर भाव ठरवतानाच चार गोष्टी बोलून घ्या : बॅटरीवरून थेट लाइन आत आणायची नाही, भोक विचारल्याशिवाय पाडायचं नाही, प्रत्येक भोकाला मापाचं ग्रोमेट लागेल, आणि मूळ हार्नेसची एकही वायर कापायची नाही. चांगला कारागीर याने नाराज होत नाही. तो ग्रोमेटचे पैसे वेगळे सांगेल, ते आनंदाने द्या.

काम झालं की एका कागदावर लिहा : कोणत्या रंगाची वायर कुठून कुठे गेली, फ्यूज किती अँपियरचा आणि तो कुठे आहे. तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पाच वर्षांनी रात्री एखाद्या घाटात मीटर बंद पडला, तर अनोळखी वायरमनला डॅशबोर्ड उचकटण्याऐवजी थेट त्या फ्यूजपर्यंत पोचता येईल.